‘मीटर पाहिजे तर मुंबईला जा’

पत्र

स.न.वि.वि.

मी मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात राहते. गावाचं नाव कृपया छापू नका, स्टँडवरचे सगळे आम्हाला ओळखतात. आईचं डायलिसिस सुरू होऊन काही महिने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची वेळ. सेंटर घरापासून ३.२ किलोमीटरवर आहे, मोबाइलवर मोजलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच रिक्षास्टँड आहे. तिथले जायचे शंभर घेतात, सेंटरच्या दारातले परतीचे एकशेवीस. पाऊस असला की दीडशे. मीटर टाका म्हटलं की ‘मीटर बंद आहे’, नाहीतर ‘इथे मीटरने कोणी जात नाही’. मध्यंतरी एकदा मी अडूनच बसले, तेव्हा तिथले एक वयस्कर चालक सगळ्यांदेखत म्हणाले, “ताई, मीटर पाहिजे तर मुंबईला जा.” आई रिक्षात बसली होती. तिला हाताला धरून पुन्हा खाली उतरवावं लागलं. त्या दिवशी डायलिसिसला अर्धा तास उशीर झाला.

आरटीओत फोन केला तर म्हणाले, रस्त्यावरचं काम वाहतूक पोलिसांचं. चौकीत गेले तर हवालदार म्हणाले, परमिट आरटीओ देते, त्यांना सांगा. महापालिकेत उत्तर मिळालं, स्टँडची जागा आमची, भाडं आमच्याकडे नाही. ॲपवरून बोलावली तर चालक आधी फोन करून ‘कुठे जायचंय’ विचारतो आणि ऐकून रद्द करतो. नवरा म्हणतो, शंभर रुपयांसाठी रोज तोंड दिसणाऱ्यांशी वैर कशाला. आई म्हणते, त्यांनाही पोट आहे. मी चुकतेय का? गप्प बसू की भांडू? आणि भांडायचं तर कुणाशी?

— एक मुलगी

उत्तर

ताई,

‘कुणाशी’ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे, पण आधी पैशांचं बघू, कारण तुमच्या यजमानांचं ‘शंभर रुपयांसाठी’ मला पटलेलं नाही.

मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे तुमच्या गावातसुद्धा, १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये झालं आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. त्या दराने ३.२ किलोमीटरचे ५५ रुपये होतात. सिग्नलला, गर्दीत थांबावं लागलं तर ६० धरा. तुम्ही जाऊन-येऊन २२० देता, द्यायला हवेत १२०. दिवसाला शंभर जास्त. महिन्यात डायलिसिसचे तेरा दिवस धरले तर तेराशे, पावसाळ्यात त्याहून जास्त. ज्या घरात महिनाअखेरीला औषधवाल्याचं बिल बघून पोटात गोळा येतो, त्या घरात तेराशे ही चिल्लर नाही. यजमानांना हा आकडा महिन्याचा करून सांगा, शंभराचा नको.

आता ‘मीटर बंद आहे’ याचा अर्थ. रिक्षाचं परमिट अटींवर मिळतं. मोटार वाहन कायद्याच्या ७४ व्या कलमात त्या अटी सांगितल्या आहेत आणि त्यात ठरवून दिलेलंच भाडं घेणं, भाड्याचा तक्ता गाडीत लावणं, मीटर चालू ठेवणं हे सगळं येतं. मीटर बंद असेल तर गाडीचं पासिंग होत नाही. भाडं वाढलं की मीटरमध्ये नवा दर भरून, तपासून घ्यावा लागतो. २०२५ च्या दरवाढीनंतर त्यासाठी मुदतही ठरवून दिली होती. म्हणजे तुमच्या स्टँडवरच्या गाड्यांची मीटरं बंद नसावीत. उलट बहुतेकांनी पैसे मोजून, रांगेत उभं राहून ती नव्या दराने लावून घेतलेली असतील. ती फक्त पासिंगच्या दिवशी चालतात, एवढंच. आणि एखाद्याचं खरंच बंद असेल तर ‘मीटर बंद आहे’ म्हणणं ही सबब होत नाही, परमिटची अट मोडल्याची कबुली होते. हे त्या चालकाला ऐकवायला जाऊ नका, मात्र अर्जात हेच वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा. का, ते पुढे येईल.

‘मीटर पाहिजे तर मुंबईला जा’ हे वाक्य मला फार बोलकं वाटलं. मुंबईचा दर आणि तुमच्या गावाचा दर एकच आहे. भाडं ठरवणारं परिवहन प्राधिकरण एकच, आदेश एकच, तारीख एकच. बोरिवलीत किंवा घाटकोपरला रिक्षात बसल्यावर चालक काही न बोलता मीटर टाकतो, भाडं नाकारलंच तर ‘गाडी सोडायची वेळ झाली’, ‘गॅस भरायला चाललोय’ असलं काहीतरी कारण तरी द्यावं लागतं. तीच रिक्षा, तसंच मीटर, मुलुंड किंवा दहिसर ओलांडून थोडं पुढे गेलं की शोभेची वस्तू होते. इकडच्या चालकांचा स्वभाव वेगळा असतो म्हणून हे होत नाही. तिकडे मीटरची सवय पिढ्यानपिढ्या राखली गेली, इकडे ती कधी लावलीच गेली नाही. इकडे रिक्षा वाढली ती स्टेशनावरच्या शेअर रिक्षेच्या जिवावर. मागे तीन सीट भरायच्या आणि चौथी आपल्या शेजारी दांडीवर घ्यायची. सीटवर चालणाऱ्याला एकट्या माणसाचं मीटरचं भाडं परवडत नाही असं वाटतं, म्हणून तो अख्ख्या रिक्षेचे ‘स्पेशल’चे पैसे मागतो. तुमचे शंभर ते हेच.

त्यांचीही बाजू आहे, आणि ती तुमच्या आईंना कळलीय. मुंबईत २०१५ साली दरवाढ झाली आणि त्यानंतरची थेट मार्च २०२१ मध्ये. मधल्या काळात २०१६ ला भाडं कसं ठरवावं हे सुचवायला खटुआ समिती नेमली गेली, तिने २०१७ ला अहवाल दिला, तो स्वीकारला गेला २०२० मध्ये. पुढची वाढ ऑक्टोबर २०२२, आणि त्यापुढची एकदम फेब्रुवारी २०२५. एवढ्या काळात गॅस, टायर, विमा, मुलांच्या फिया कुणासाठी थांबतात? ज्याचं काम दर वेळेवर ठरवायचं तो झोपला की चालक स्वतःच दर ठरवून घेतो, आणि एकदा ती चटक लागली की सरकारी दरवाढ झाल्यावरही सुटत नाही. त्यात परमिटचं. १९९७ पासून नवी परमिटं बंद होती, त्यामुळे ती हजारो-लाखोंत विकली गेली. २०१७ मध्ये ती खुली झाली आणि गाड्यांचा पूर आला. स्टँड तेवढेच, प्रवासी तेवढेच, रिक्षा मात्र रांगेत मावेनात. तासभर नंबर लावून हाती आलेलं गिऱ्हाईक ५५ रुपयांचं निघालं तर माणूस वैतागतोच. आधी दोन दशकं दार बंद, मग सताड उघडं. कुठल्या गावात किती रिक्षा पुरतात याचा विचार या दोन्ही वेळा कुणी केला, असं मला तरी दिसत नाही.

पण या अडचणीची किंमत डायलिसिसला जाणाऱ्या बाईकडून वसूल करायची, हे बरोबर नाही. आईंना पोटाची दया येते ती त्यांची थोरवी. तुमच्या हिशेबात ती धरायचं कारण नाही.

तर भांडायचं कुणाशी? तुम्ही रोज सकाळी साडेसहाला स्टँडवर जी घासाघीस करता, ते काम खरं तर तुमचं नाही. भाडं ठरवणं आणि ते पाळलं जातंय का बघणं यासाठी कायद्याने एक यंत्रणा बसवली आहे. भाडं प्राधिकरण ठरवतं. परमिट, पासिंग, मीटरची तपासणी आरटीओकडे. रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवायचा अधिकार वाहतूक पोलिसांनाही आहे आणि आरटीओच्या वायुवेग, म्हणजे फिरत्या तपासणी पथकालाही. स्टँड कुठे असावा हे ठरवताना महापालिका बसते. तिघांनी तुम्हाला तीन दारं दाखवली, आणि गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी अर्धं खरं बोलले. या अर्ध्या-अर्ध्या खऱ्यातून जे काम राहून जातं ते रोज तुमच्या वाट्याला येतं, तेही आईला रिक्षात बसवून. म्हणून चालकाशी भांडू नका. तो वयस्कर माणूस उद्या नमला तरी परवा दुसरा भेटेल. भांडण आरटीओशी, लेखी, आणि तुमच्या सोयीने करायचं.

आजचं मात्र आज बघायला हवं. अर्ज निकाली निघेपर्यंत आईंचं डायलिसिस थांबणार नाही. तुमच्या फेऱ्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षभर आहेत. रिक्षावाल्याला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळत नाही. शेजारच्या सोसायटीत, शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्यांत, तुमच्या भाजीवाल्याच्या ओळखीत असा एखादा चालक नक्की असेल जो स्टँडवर नंबर लावत नाही. त्याला सरळ सांगा: मीटरने जायचं, मीटरनेच यायचं, तेरा दिवस नक्की, पैसे आठवड्याला हातात किंवा मोबाइलवर. डायलिसिसला चार तास लागतात, मधल्या वेळात त्याने धंदा करावा, सुटायच्या वेळी दारात यावं. आईंना हात देऊन बसवतो, पिशवी धरतो, त्यासाठी वर दहा-वीस रुपये खुशीने दिलेत तर ती तुमची खुशी. त्याने मागितलेलं जास्तीचं भाडं आणि तुम्ही दिलेली खुशी यात फरक आहे, आणि तो बोलण्यात पहिल्याच दिवशी स्पष्ट ठेवा. काहीजण ‘महिन्याचे एवढे’ असं उक्तं मागतील. ते मीटरच्या हिशेबापेक्षा जास्त असेल तर कायद्याने तेही जादा भाडंच आहे, हे माहीत असू द्या. तरी तुम्ही कबूल केलंत तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. आईला वेळेवर पोचवणं आधी.

ॲपचं म्हणाल तर त्यावर फार भरवसा ठेवू नका. फोन करून ‘कुठे’ विचारून रद्द करणं हे आता सगळीकडचं दुखणं आहे. तरी एक उलटी गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२५ मध्ये पुण्यात रिक्षाचालकांनीच आग्रह धरला की ॲपने दाखवलेलं भाडं नको, मीटरने द्या. कारण ॲपचा आकडा मीटरपेक्षा कमी पडत होता. (पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे १७ रुपये असा दर ठरला होता.) म्हणजे मीटर चालकाचा शत्रू आहे असं काही नाही. पोटावर आलं की तोही मीटरचाच आधार घेतो. तुमच्या स्टँडवर कुणी शहाणा भेटला तर त्याला हे ऐकवायला हरकत नाही.

आता अर्ज. एकट्या नावाने करू नका. स्टँड गल्लीच्या तोंडाशी आहे, तुमची भीती खोटी नाही. आणि माझ्या मते तुमच्याकडे सह्यांची चांगली सोय आहे, ती तुमच्या लक्षात आली नसावी: डायलिसिस सेंटर. तिथे तुमच्या पाळीला आठ-दहा खुर्च्या तरी असतील. प्रत्येक खुर्चीमागे एक घर आहे, आणि त्यातलं निम्मं घर तुमच्यासारखंच रिक्षाने येतं. चार तास बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांकडे वेळच वेळ असतो. त्यांच्या सह्या घ्या. सेंटरच्या व्यवस्थापनाला त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी द्यायला सांगा, की आमच्या रुग्णांना दारातून मीटरने रिक्षा मिळत नाही. यात तुमचं नाव दहांतलं एक होतं, आणि तक्रार एका स्टँडवरच्या एका माणसाविरुद्ध न राहता एका जागेविषयीची होते. सरकारी माणसाला एका चालकाची तक्रार म्हणजे भांडण वाटतं. रुग्णालयाच्या दाराची तक्रार वरिष्ठांपर्यंत न्यावीच लागते.

अर्जात भावना कमी आणि तपशील जास्त. ‘रिक्षावाले लूट करतात’ असं लिहिलंत तर उत्तर येईल, ‘नोंद घेतली’. त्याऐवजी असं लिहा: अमुक तारीख, सकाळी ६.४०, अमुक चौकातल्या स्टँडवरून अमुक सेंटरपर्यंत, गाडी क्रमांक अमुक, मागितलेलं भाडं १०० रुपये, मीटर टाकण्यास सांगितले असता चालक म्हणाले ‘मीटर बंद आहे’. अशी दहा-बारा उदाहरणं, वेगवेगळ्या घरांची, वेगवेगळ्या गाड्यांची. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो पुरे. चालकाच्या तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढायच्या आणि तो सगळीकडे फिरवायच्या भानगडीत पडू नका. व्हिडिओ दोन दिवस गाजतो, चालकाची बदनामी होते, तुमचा पत्ता गल्लीला कळतो, आणि आरटीओच्या फायलीत एक कागदसुद्धा वाढत नाही.

मागायचं काय, हे मात्र नीट ठरवा, कारण बहुतेक अर्ज इथेच फसतात. लोक लिहितात, ‘कडक कारवाई करा’. मग एक दिवस चौकात पथक उभं राहतं, पंधरा-वीस गाड्यांना दंड होतो, वर्तमानपत्रात ‘बेशिस्त रिक्षाचालकांना दणका’ अशी बातमी येते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. दंडाचं म्हणाल तर कायद्यातली गंमत ऐका. रिक्षाने भाडं नाकारलं तर १७८ व्या कलमात दंड आहे ५० रुपयांपर्यंत. २०१९ मध्ये कायद्याची मोठी दुरुस्ती झाली, हेल्मेटपासून सिग्नलपर्यंत सगळे दंड वाढले, टॅक्सीने भाडं नाकारण्याचा दंडही २०० चा ५०० झाला. रिक्षाचे ५० मात्र जिथे होते तिथेच राहिले. तुमच्याकडून एका फेरीत चाळीस जास्त घेणाऱ्याला पन्नासाची काय भीती?

खरी धार ८६ व्या कलमात आहे. परमिटची अट मोडली तर प्राधिकरण परमिट निलंबित करू शकतं, रद्दही करू शकतं. परमिटधारकाला आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण पंधरा दिवस गाडी उभी राहिली की काय होतं हे स्टँडवरच्या प्रत्येकाला कळतं, आणि गाडी भाड्याने चालवायला देणाऱ्या मालकाला तर जास्तच कळतं. त्याच कलमात एक पळवाटही आहे: निलंबनाऐवजी ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं. ‘मीटर बंद आहे’ हे वाक्य जसंच्या तसं लिहा असं मी वर म्हणाले ते याच कलमासाठी. जादा भाडं सिद्ध करायला वाद होतो, पण मीटर न वापरणं हा सरळ परमिटच्या अटीचा भंग आहे, तिथे ८६ व्या कलमाखाली काय केलं असं विचारता येतं.

म्हणून मागण्या दोन-तीनच ठेवा. सेंटरच्या दाराशी आणि गल्लीच्या स्टँडवर अधिकृत दराचा मोठा फलक, त्यावर ‘सेंटर ते स्टेशन’ अशा नेहमीच्या चार-पाच ठिकाणांचे मीटरप्रमाणे होणारे रुपये लिहिलेले, म्हणजे कुणाला मोबाइलवर गुणाकार करायला नको. सकाळच्या पाळीच्या आणि सुट्टीच्या वेळी महिनाभर पथकाची फेरी. आणि तुम्ही दिलेल्या गाड्यांवर ८६ व्या कलमानुसार काय कारवाई झाली ते लेखी उत्तर. स्टँड ‘फक्त मीटर’ म्हणून जाहीर करावा हेही मागता येईल, पण ते आधी मिळणार नाही, त्यामुळे शेवटी लिहा. अर्ज प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या नावे, प्रती परिवहन आयुक्त, वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त आणि महापालिका आयुक्त यांना. सगळ्यांना एकाच कागदावर एकमेकांची नावं दिसली की ‘तिकडे जा’ म्हणणं थोडं अवघड होतं. हाच मजकूर सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाका, तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो. हातोहात द्याल तो अर्ज आवक-जावक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पाच-सहा आठवड्यांत काही हललं नाही तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, आणि ‘का केलं नाही’ असं विचारून उपयोग नाही, कारण कागद मागायचे असतात, कारणं नाहीत. असं विचारा: गेल्या वर्षभरात मीटर न वापरणे, जादा भाडे, भाडे नाकारणे याबद्दल या कार्यालयाकडे आलेल्या तक्रारींची संख्या, त्यापैकी किती परमिटे किती दिवसांसाठी निलंबित झाली, किती प्रकरणं रक्कम घेऊन मिटवली, संबंधित नोंदवहीच्या प्रती. बस. यातला आकडा लहान आला तरी तुमच्या कामाचा, आणि ‘माहिती निरंक’ असं उत्तर आलं तर त्याहून कामाचा. तो कागद स्थानिक वार्ताहराला आणि तुमच्या आमदारांच्या कार्यालयात द्या. नगरसेवकाकडून मी फार आशा धरणार नाही. तुमच्या स्टँडवरचा संघटनेचा फलक एकदा वाचा, संस्थापक, मार्गदर्शक, आधारस्तंभ म्हणून कुणाकुणाचे फोटो आहेत ते. मीटर का लागत नाही याचं निम्मं उत्तर तिथे फ्लेक्सवर छापलेलं असतं.

ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही नाही. पण तुमच्या घरची परिस्थिती बघता तारखांच्या मागे धावायला मी सांगणार नाही. ग्राहक संघटनेची मदत जरूर घ्या. भाडेवाढीच्या सूत्रासारख्या किचकट प्रश्नावर मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयापर्यंत गेलेली आहे, त्यांना हा विषय नवा नाही.

या पत्राच्या निमित्ताने इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी एक: मुंबई महानगराबाहेर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे भाडं ठरवणाऱ्याच माणसासमोर तुम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लोकशाही दिनाला, उभे राहू शकता. अर्ज मात्र आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. आणि मीटर बसवले की प्रश्न सुटला असं कुणी समजू नये. गोव्यात टॅक्सीच्या मीटरचा विषय उच्च न्यायालयात गेला, २०२१ पासून डिजिटल मीटर बसायला लागले, आणि तरी विमानतळावरून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून निघताना भाडं तोंडीच ठरतं हे तिथे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. यंत्र बसवणं एका निविदेचं काम. ते रोज टाकलं जातंय का हे बघायला माणूस लागतो.

तुम्ही विचारलंत, मी चुकतेय का. मीटर मागण्यात मुळीच नाही. पण आईला रिक्षात बसवून अडून राहू नका. तो डाव नेहमी समोरचाच जिंकतो, कारण घड्याळ तुमच्या विरुद्ध असतं. ज्या दिवशी शंभर द्यावे लागतील त्या दिवशी द्या, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, आईंना सातच्या आत खुर्चीवर बसवा. त्या वयस्कर चालकाशी बोलणं सोडू नका. गल्लीच्या तोंडाशी रोज दिसणाऱ्या माणसाशी ‘काय काका, बरंय ना’ एवढं राहिलं पाहिजे. उद्या रात्री आईंना अचानक न्यायची वेळ आली तर तोच उठून गाडी काढेल. त्याचं आणि तुमचं भांडण नाही, हे अर्जात कुणाचं नाव न घालता फक्त गाड्यांचे नंबर दिल्यावर त्याच्याही ध्यानात येईल.

यजमानांना एक काम द्या: येत्या शनिवारी सेंटरवर जाऊन बाकीच्या घरांना भेटणं. मंगळवार-गुरुवार-शनिवारची पाळी वेगळी असते, तिकडच्याही सह्या मिळतील. अर्जाचा मसुदा तयार झाला की पाठवा, मी बघून देते. आणि आरटीओचा शिक्का बसलेली प्रत मिळाली की तिचा फोटो काढून ठेवा, माहिती अधिकाराच्या अर्जात त्या पोचेचा क्रमांक लागेल.